सुभेदाराची जातपडताळणी

“बाई, त्येच्या डोळ्यात बघू नका. त्येला राग येतो.”

केरबा आबा चौगल्यांनी हे मला बजावलं तेव्हा मी त्यांच्या अंगणातल्या फणसाखाली उभी होते. सिरिंज पाठीमागे लपवली होती आणि चेहऱ्यावर जमेल तेवढा निरागस भाव आणला होता. सुभेदार वरच्या फांदीवर बसून माझ्या डोळ्यांत बघत होता. मला राग आलेला चालेल का, हे कुणी विचारलं नाही.

सुभेदार म्हणजे आबांचा कोंबडा. अंगानं भरलेला, तांबूस-काळा, शेपटीची पिसं विळ्यासारखी वळलेली, आणि चाल अशी की अंगणात बाकीच्यांनी बाजूला व्हावं. बाकीचे होतही. त्यात आबांची बायको हौसाकाकूही आल्या.

“खाली घ्यायचा कसा याला?” मी विचारलं.

“त्येच्या मनात आलं की येईल,” आबा म्हणाले. “रानातलं रक्त हाय. आपल्या हुकमात न्हाई ते.”

त्या रक्तासाठीच मी आले होते. मी तेव्हा पीएच.डी. करत होते, आणि माझा विषय होता रानकोंबडा. राधानगरीच्या जंगलात राखाडी रानकोंबडे आहेत. जंगलाला लागून वाड्या आहेत, आणि वाड्यांमध्ये गावठी कोंबड्या. रानातला नर पहाटे शेताच्या बांधापर्यंत येतो, कधी गावठी कोंबडीशी त्याचं जुळतं, पिलं होतात. तरीही रानकोंबडा रानकोंबडाच राहतो आणि गावठी कोंबडी गावठीच. असं का होतं? कुणाचं किती रक्त कुठवर पोचतं? दोन जाती एकमेकींत मिसळूनही वेगळ्या कशा राहतात? थेंबभर रक्तातून पक्ष्याची सगळी जनुकं वाचली, की त्याचा बाप, आजा, पणजा कुठल्या कुळातला होता हे बरंचसं सांगता येतं. हे सगळं मी आबांना पहिल्या दिवशी अर्धा तास खपून समजावलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी कोंबड्याची जातपडताळणी.”

त्यानंतर आबांच्या हळदवाडीत माझ्या संशोधनाला दुसरं नाव उरलं नाही.

शेवटी आबांचा मुलगा उत्तम घोंगडं घेऊन झाडावर चढला. वर बराच गोंधळ झाला, पिसं खाली आली, उत्तमच्या तोंडून काही शब्द आले, आणि मग घोंगड्यासकट सुभेदार माझ्या मांडीवर आला. पंखाखालची शीर शोधायला मी घोंगडं जरा बाजूला केलं. त्या दिवशी पहिलं रक्त निघालं ते माझं, उजव्या अंगठ्यातून.

“बगा, बगा!” आबा आनंदानं ओरडले. “वाटपातला कोंबडा असा चावल का?”

‘वाटपातला’ हा शब्द त्यांनी थुंकल्यासारखा उच्चारला. त्यामागचा इतिहास मला हौसाकाकूंनी अंगठ्याला हळद लावता लावता सांगितला.

सुभेदाराचा बाप रानकोंबडा होता, असं आबांचं म्हणणं. त्यांनी स्वतः त्याला आपल्या कोंबडीमागे कारवीच्या झुडपांत शिरताना पाहिलं होतं. ही कथा ते येईल-जाईल त्याला सांगत. उत्तमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्याच्याबरोबर आबाही व्याह्यांकडे, खिंडीपलीकडच्या फणसओहळला गेले आणि भर पंगतीत त्यांनी ही कथा काढली. व्याही हिंदुराव रेडेकर शेवटपर्यंत ऐकत होते. मग शांतपणे म्हणाले, “पावणं, त्यो सरकारी वाटपातला कोंबडा हाय. आमच्या गावात बी योजनेत धा-बारा फुकाट वाटल्यात.”

आबा भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद, जाणं-येणं बंद. सून वैजयंता, सगळे तिला वैजू म्हणत, दोन वर्षांत माहेरचा उंबरा चढली नव्हती.

“कोंबड्यापायी?” मी विचारलं.

“कोंबड्यापायी कुठं,” हौसाकाकू म्हणाल्या. “नाकापायी. कोंबडा काय, निमित्त.”

मी सामान आवरत होते तेव्हा वैजू जवळ आली. पंचविशीची, बारीक, पोट नुकतं दिसायला लागलेलं. हातात एक किरकोळ तपकिरी कोंबडी.

“म्याडम, हिचं बी घ्या की रक्त. आलाच हाय तर.”

“ही कुठली?”

“माझ्या माहेरची. लग्नात आईनं पाटीतनं धाडलेली.”

“आन् तवापास्नं खातीया नुसती,” हौसाकाकू आतून बोलल्या. “अंडी द्यायच्या नावानं शंख. खुराड्यात झोपत न्हाई, पेरूच्या झाडावर बसती. मी भामटी म्हणती हिला.”

आबांना हे पसंत पडलं नाही. सुभेदाराच्या शेजारी भामटीची नळी, म्हणजे पाटलाच्या शेजारी चोराला पाट मांडल्यासारखं. पण मला नमुने हवेच होते. भामटी मुकाट्यानं पंख उघडून बसली, आणि मी दुसऱ्या नळीवर तिचं नाव लिहिलं.

निघताना आबांनी मला वचनात बांधलं. “निकाल पोस्टानं धाडायचा न्हाई. हितं यायचं, आन् साऱ्यांच्या म्होरं वाचायचा.” मी हो म्हणाले. मला त्या खोऱ्यातल्या आणखी पंचवीस वाड्यांमध्ये नमुने घ्यायचे होते, आणि खोऱ्यात शब्द चालायचा तो आबांचा; त्यांनी मान हलवल्याशिवाय तिथे कुणी मला अंड्याचं टरफलही दिलं नसतं.

पावसाळा गेला. निकाल आला तेव्हा मी प्रयोगशाळेत संगणकासमोर बसून तो दोनदा पाहिला आणि मग माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले.

“सर, सुभेदार शंभर टक्के पाळीव निघालाय. तोही साधा गावठी नाही. सुधारित जातीचा. वाटपातलाच.”

“बरं मग?”

“मला हे गावासमोर वाचून दाखवायचंय.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “खरं तेच सांग. विज्ञानात तडजोड नाही.”

“हो सर.”

“पण त्या खोऱ्यातले नमुने बंद होता कामा नयेत.”

“मग मी नेमकं काय करू?”

“ते तू बघ. पीएच.डी. तुझी आहे.”

हळदवाडीला पोचले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. आबांनी फेटा बांधला होता. सुभेदाराला आंघोळ घातलेली दिसत होती, आणि त्याचं त्याला अजिबात कौतुक नव्हतं. त्याला खांबाला बांधून खाली पोतं अंथरलं होतं. मला खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर तांब्या. उत्तमनं कुठूनसा माइकसुद्धा आणला होता, पण वीज गेल्यामुळे तेवढ्यापुरती माझी लाज वाचली.

“हिंदुरावाला बी सांगावा धाडला हुता,” आबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “म्हणतोय, निकाल मला ठावं हाय. बगू आता, कुणाला काय ठावं हाय ते. करा सुरू बाई.”

मी उभी राहिले. सुरुवात जिथून सोपी तिथून करावी म्हणून म्हणाले, “सुभेदाराचे पाय पिवळे आहेत. पायांचा हा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते जनुक मुळात राखाडी रानकोंबड्याकडून आलेलं आहे.”

“आलं!” आबांनी मांडीवर थाप मारली. “आलं न्हवं? लिवून घ्या रं कुणीतरी!”

टाळ्या पडल्या. मी तिथेच थांबले असते तर पंचवीस वाड्या खिशात होत्या. पण समोर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं बोट वर केलं.

“बाई, पाय पिवळं तर आमच्या बी कोंबड्याचं हाईत.”

“हो,” मी म्हणाले. “ते... बऱ्याच कोंबड्यांचे असतात. फार जुनी गोष्ट आहे ती, काही हजार वर्षांपूर्वीची.”

“बॉयलरचं बी पिवळं असत्यात.”

“बॉयलरचेही. हो.”

कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी मान वळवून त्या दिशेला पाहिलं आणि हसणं बंद झालं. मग ते माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. “हजार वर्सांचं ऱ्हाऊ द्या. त्येचा बाप सांगा.”

आता पळवाट नव्हती. “आबा, सुभेदाराचा बाप रानातला नव्हता. आजा-पणजाही नव्हता. तो... सुधारित जातीचा आहे.”

“म्हंजी?”

म्हंजी काय ते सगळ्या अंगणाला कळलं होतं. शब्द उच्चारायचं धाडस मात्र कुणाला नव्हतं, मलाही. सुभेदारानं तेवढ्यात गळा ताणून एक लांबलचक बांग दिली. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “वाटपातला.”

आबा खाली बसले. पायरीवर, फेट्यासकट. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. उत्तम माइकची वायर गुंडाळायला लागला, जणू तिथं तेवढंच एक काम शिल्लक होतं. मला वाटलं, आता आबा उठून आत जातील आणि या दारात मी पुन्हा यायची नाही.

“म्याडम,” दाराशी उभी असलेली वैजू म्हणाली. पोट आता चांगलंच वाढलं होतं. कमरेवर हात ठेवून ती उभी होती. “भामटीचं काय आलं?”

खरं सांगायचं तर भामटीचं मी शेवटी, जमलं तर हळूच सांगणार होते. दुखऱ्या जागी आणखी मीठ कशाला, म्हणून.

“भामटीचं...” मी कागद उलटला. “भामटीत रानकोंबड्याचं रक्त आहे. भरपूर. जवळजवळ चौथा हिस्सा. तिचा आजा जंगलातला असणार.”

अंगणात असा गलका उठला की सुभेदारानं पोत्यावरून उडी मारली आणि दोरीच्या हिसक्यानं तो परत खाली आला. हौसाकाकू बाहेर आल्या, हात पिठाचे. “कोन? भामटी? आगं बया! परवा कापणार हुते की मी तिला!”

“म्हणूनच अंडी कमी घालते,” मी म्हणाले. “असल्या संकरात माद्यांना ती अडचण येते. निसर्ग दोन जाती वेगळ्या ठेवतो, त्यातलीच ती एक तऱ्हा. पोटावरची ती खवल्यांसारखी पांढुरकी नक्षी, झाडावर झोपणं...”

माझं कुणी ऐकत नव्हतं. सगळे आबांकडे बघत होते, कारण भामटी हिंदुरावांच्या घरून आलेली, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे कोंबडा वाटपातला, हे हिंदुरावांचं म्हणणं खरं. आणि वर रानातलं रक्तही हिंदुरावांच्याच दारचं. इतका चारी मुंड्या चीत झालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

मग आबांनी मान वर केली. डोळ्यांत काहीतरी हललं.

“वैजू,” ते म्हणाले, “भामटी आता कुनाच्या दारात हाय?”

“आपल्या, मामा.”

“हिंदुरावाला ठावं हुतं का, ती काय हाय ते?”

“न्हाई. तात्या तिला मुरकुटी म्हणायचं, खुरटी म्हणून.”

“मुरकुटी!” आबा उठले. फेटा सरळ केला. प्रत्येक शब्दाबरोबर त्यांचा आवाज एकेक पायरी वर चढत गेला. “रानकोंबड्याची नात दारात फिरत हुती, आन् त्या बाबाला वळखू आली न्हाई! मुरकुटी म्हणून पाटीत घालून दिली! आन् ती वळखली कुणी? रगात कुणी तपासून घेतलं? केरबा चौगल्यानं!”

“वैजूनं सांगितलेलं,” हौसाकाकू पुटपुटल्या.

“वैजू कुनाची? चौगल्यांची! उत्तम, टेम्पो बोलाव. पाटी आण. बाई, तुमी बी चला, कागद घ्या संगट. आजच्या आज त्येच्या दारात जाऊन वाचायचा.”

“आबा, पण सुभेदाराचं तेवढं...”

“ते पान वाचायचं न्हाई.”

“मामा,” वैजू म्हणाली, “कोंबडी माझ्याशिवाय कुणाच्या हातात ऱ्हात न्हाई.”

आबा थबकले. सुनेकडे, मग तिच्या पोटाकडे बघितलं. “मग तू बी चल,” ते म्हणाले. “सावकाश घेऊ गाडी.”

टेम्पोत पुढे वैजू आणि भामटी, मागे आम्ही. खिंडीतल्या खड्ड्यांत आबा दर वळणाला ड्रायव्हरला ओरडत होते, “हळू रं! रानातलं रगात हाय आत!” नेमकं कुणाबद्दल ते बोलत होते, हे मला अजून कळलेलं नाही.

हिंदुराव ओट्यावर बसून दोर वळत होते. आबांच्या दुप्पट उंच, अर्धे जाड. टेम्पो बघून त्यांनी दोर खाली ठेवला नाही.

“काय निकाल लागला म्हणायचा?” त्यांनी विचारलं.

“वाचा बाई,” आबा म्हणाले.

मी भामटीचं पान वाचलं. हिंदुरावांचा हात थांबला. पाटीतून भामटीनं डोकं बाहेर काढून जुन्या घराकडे पाहिलं.

“मुरकुटीत? रानाचं रगात?” हिंदुराव उठून उभे राहिले. “म्हंजी माझ्या घरातलं!”

“तुमच्या घरातलं हुतं,” आबा म्हणाले. “दिलं ते दिलं. आता आमचं.”

“कोंबडी दिली, रगात दिलं न्हाई!”

“रगात काय काढून ठेवून देत्यात व्हय कोंबडी?”

“आन् तुमच्या कोंबड्याचं काय आलं ते सांगा की! बाई, ते पान कुटंय?”

मी आभाळाकडे पाहिलं. शेजारच्या ओट्यांवर माणसं जमली. दोघांचे आवाज चढत गेले; कोंबडीवरून कोंबड्यावर, तिथून दिवाळीच्या पंगतीवर, पंगतीतल्या वरणात मीठ कमी होतं इथपर्यंत. “मीठ कमी न्हवतं, तुमचं त्वांडच अळणी!” हिंदुराव गरजले. मग एकदम त्यांचा आवाज फाटला. “आन् कोंबडी तुमची, रगात तुमचं, तर माझी पोरगी दोन वर्सं माझ्या दारात का आली न्हाई?”

आबांनी फेट्याचं टोक उगीचच मागे टाकलं.

“आणलीया की आता,” ते म्हणाले. आवाज पार बसला होता. “पयलं बाळंतपण आईच्या हातचं व्हाया पायजे. तेवढं मला बी कळतंय. ठेवून जातो.”

हिंदुराव ओट्यावरून खाली उतरले. वैजूसमोर उभे राहिले, पण तिला जवळ घ्यायचं का पोटाकडे बघायचं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी तिच्या हातातली पाटी घेतली. “आत जा,” म्हणाले. “आई हाय.”

“कोंबडी न्हाई ठेवायची,” आबा लगेच म्हणाले. “कोंबडी मी परत नेणार.”

“बगू की कशी नेता ती!”

पुन्हा सुरू झालं. मी वैजूमागे आत गेले. तिच्या आईनं काही विचारलं नाही. फक्त चुलीपुढून उठून लेकीच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, कानशिलांवर बोटं मोडली, आणि तिला पाटावर बसवलं. नाचणीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेलाची धार. मलाही वाढलं.

वैजू जेवायला लागली. मी मात्र विचारात पडले होते. “वैजू, एक विचारू? भामटीचं रक्त घ्यायला तू सांगितलंस. आबांना निकाल सगळ्यांसमोर वाचायचं कुणी सुचवलं?”

“मी.”

“आणि तुझ्या वडिलांना सांगावा?”

“त्यो बी मीच धाडायला लावला.”

“म्हणजे तुला आधीच माहीत होतं? भामटीचं?”

“मला काय ठावं असणार?” तिनं खरोखरच्या नवलानं माझ्याकडं पाहिलं. “माहेरचं काईतरी त्या कागदावर असावं म्हणून घ्या म्हणाले हुते. आवं म्याडम, सुभेदार रानातला निघाला असता, तर मामा हितं आलं असतं, तात्यांची जिरवायला. वाटपातला निघाला, तर तात्या तिकडं आलं असतं, हसायला. काय बी निघू दे. एक जण दुसऱ्याच्या दारात जाणार, एवढं ठरलेलं. भांडायला का हुईना. दोन वर्सं ती भांडलीच न्हाईत, त्येचाच घोटाळा हुता.”

आमच्या प्रयोगशाळेतल्या जनुकवाचनाच्या यंत्रावर माझ्या आधी आणि नंतर बरेच हुशार लोक बसले. इतक्या खात्रीचं अनुमान मी त्यांच्यातल्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

“आणि तुला स्वतःला काय निघायला हवं होतं?”

“मला काय करायचाय कोंबडा,” वैजू म्हणाली. “सातवा लागल्यापास्नं मला ह्या भरताची वढ लागली हुती.”

बाहेरून आबांची हाक आली. “बाई! भायेर या! इवाय म्हणतोय, त्येच्या कोंबड्याचं बी रगात काढा! सिरिंज आणलीया का?” मागोमाग हिंदुरावांची, “नुसत्या माझ्या न्हाई, साऱ्या फणसओहळाचं काढा! बगू या कुणाचं किती निघतंय ते!”

मी उठायला लागले. वैजूनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

“जेवा वो निवांत. आजून लई येळ भांडतील ती,” ती म्हणाली, आणि आईपुढं ताट सरकवलं. “वाढ गं, आई.”